धातू ओढून काढायचा की मातीतच डांबायचा?

कारखान्याच्या नाल्यावर किंवा शहराच्या सांडपाण्यावर वर्षानुवर्षे भिजलेल्या जमिनीचा तपासणी अहवाल येतो, त्यात शिसे किंवा कॅडमियम जास्त निघते आणि सल्ले सुरू होतात. एक म्हणतो मोहरी, सूर्यफूल लावा, झाडे धातू शोषून घेतील. दुसरा म्हणतो बायोचार, म्हणजे काडीकचरा कमी हवेत जाळून केलेला कोळसा, टाका. तिसरा म्हणतो दोन्ही करा. हा तिसरा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण बऱ्याचदा तोच सर्वांत कच्चा असतो. बायोचार धातूला धरून ठेवतो, मुळांच्या हाती लागू देत नाही. शोषणारे झाड तर धातू मुळांना मिळावा म्हणूनच लावायचे. मग एकाच वावरात दोघांची ओढाताण कशासाठी?

म्हणून आधी हे ठरवा: धातू जमिनीबाहेर काढायचा आहे, की तो पिकात आणि विहिरीत गेला नाही म्हणजे झाले? आणि दूषित पाणी अजून शेतात येतच असेल, तर आधी ते बंद करा. तोवर दोन्हींवरचा खर्च वाया.

झाडांचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. एका एकरातली वरची 15 सेंटिमीटर माती साधारण 900 टन भरते. शिसे किलोमागे 500 मिलिग्रॅमवरून 300 वर आणायचे तर त्या मातीतून 180 किलो शिसे बाहेर निघायला हवे. मोहरीचे एकरी 3 टन वाळलेले पीक आले आणि त्यात किलोमागे 100 मिलिग्रॅम शिसे चढले असे धरू. हा अंदाजही सढळ हाताचाच, कारण शिसे बहुतेक मुळांतच अडकते. तरी एका हंगामाला निघाले 300 ग्रॅम. म्हणजे 600 हंगाम! शिसे वर चढावे म्हणून मातीत ईडीटीए, म्हणजे धातूला पकडून पाण्यात विरघळवणारे रसायन, घालण्याचे प्रयोग झाले आहेत. त्याने शिसे सुटे होते खरे, पण पाण्याबरोबर खालीही उतरते. भेगाळणाऱ्या काळ्या रानात, शेजारी विहीर असताना, असा उद्योग कोणी सुचवला तर सरळ नाही म्हणा.

कॅडमियमचे गणित वेगळे. ते मातीत असते थोडे आणि झाडात चढते सहज. जपानमध्ये चोकोकोकू नावाचा, कॅडमियम भरपूर ओढणारा भात 2 वर्षे घेतला, तोही शेतात पाणी न बांधता. मातीतले कॅडमियम 38 टक्क्यांनी घटले आणि त्यानंतर लावलेल्या नेहमीच्या भाताच्या दाण्यातले 47 टक्क्यांनी. त्याच देशात जिंझू नदीच्या खोऱ्यात, जिथे कामिओका खाणीच्या कॅडमियममुळे इताई-इताई हा हाडे मोडणारा आजार पसरला, तिथे भातखाचरांची माती बदलण्याचे काम 30 वर्षांहून अधिक चालून 2012 मध्ये संपले. त्यापुढे 2 हंगामांचा भात स्वस्तच म्हणायचा. आर्सेनिकसाठीही झाड आहे: टेरिस व्हिटाटा हे नेचे. ते आर्सेनिक साठवते हे 2001 मध्ये फ्लोरिडातल्या अभ्यासातून पुढे आले. आपल्याकडे जुन्या भिंतींच्या फटीतही ते उगवते.

पण कापलेल्या पिकाचे काय करणार, हे कोणी सांगत नाही. ते जनावरांना घालता येत नाही, कंपोस्टमध्ये टाकता येत नाही आणि चुलीत तर मुळीच नाही, कारण कॅडमियम धुरातून निघते. घातक कचरा घेणारी सोय जवळ नसेल तर झाडांचा पर्याय तिथेच संपतो.

बायोचारचा भाव दुकानात विचारण्यापेक्षा पऱ्हाट्यांत मोजू. मातीच्या वजनाच्या 1 टक्का म्हणजे एकरी 9 टन. वाळलेल्या काडीतून चांगला कोळसा चौथा हिस्सा मिळतो, म्हणजे 36 टन पऱ्हाट्या लागल्या. एकरी साधारण टनभर धरल्या तर 36 एकर कपाशी! शंकूसारख्या खड्ड्यात वरून पेटवायचे, निखाऱ्यावर पांढरी राख धरू लागली की पुढचा थर टाकायचा, शेवटी पाणी ओतून विझवायचे. काम अवघड नाही, ढीग मोठा आहे. रंग दिलेले किंवा औषध मारलेले लाकूड त्यात नको, त्यातले धातू कोळशातच उरतात.

एवढे करून उपयोग किती, हे जमिनीवर ठरते. बायोचार धातू धरतो त्यात सामू (पीएच) वाढण्याचा, म्हणजे मातीचा आंबटपणा कमी होण्याचा, वाटा मोठा असतो. कोकणातल्या आंबट जांभ्या मातीत हा फायदा ठळक दिसतो, पण तिथे चुन्यानेही बरेचसे काम स्वस्तात होते, म्हणून चुना आधी करून पाहा. काळी जमीन मुळातच अल्कधर्मी, तीत चुनखडी आणि चिकण भरपूर. तिथे शिसे, कॅडमियम आधीच बऱ्यापैकी जखडलेले असते, वरून टनावारी कोळसा घालून फारसे हाती लागत नाही. आर्सेनिक असेल तर बायोचार टाळाच, सामू वाढला की ते उलट सुटे होऊ शकते.

बायोचार धातू काढत नाही. एकूण धातूचा आकडा होता तेवढाच राहतो, बदलतो तो पिकाला मिळणारा हिस्सा. म्हणून प्रयोगशाळेत एकूण धातूची आणि डीटीपीए, म्हणजे पिकाला मिळणारा हिस्सा मोजणारी, अशा दोन्ही तपासण्या मागा. मृदा आरोग्य पत्रिकेच्या 12 घटकांत शिसे-कॅडमियम नाही, ती पुरणार नाही.

माझा कौल असा. शिसे असेल तर ओढून काढायचा नाद सोडा: माती झाकलेली ठेवा, धूळ उडू देऊ नका, पालेभाजी बंद करा. कॅडमियम बेताचे, पोटासाठी दुसरी जमीन हाताशी आणि कचऱ्याची सोय असेल तरच झाडे. पडीक, उघड्या जागेवर मात्र दोन्ही एकत्र चालतात. तिथे बायोचारवर वाळा, एरंडी किंवा बांबू लावायचा तो धातू ओढायला नव्हे, माती धरायला.

आणि पूर्ण एकराला हात घालण्याआधी एका गुंठ्यात सव्वादोनशे किलो बायोचार मिसळून पाहा, शेजारचा गुंठा तसाच ठेवा. दोन्हींत पालक पेरा, कारण तो कॅडमियम पटकन उचलतो. पाने स्वच्छ धुऊन दोन्हींचे वेगळे नमुने द्या. ताटात मात्र एकही पान येऊ देऊ नका.