विकत आणलेला संघ की घडवलेला संघ: जीव कुठे लावावा?

फुटबॉल तुम्ही बघताच. ऑफसाइड समजावून द्यायची गरज नाही आणि ट्रान्सफर विंडो म्हणजे काय तेही ठाऊक आहे. अडलंय एवढंच, की आता एक क्लब आपला म्हणायचा आणि तो कोणता हे ठरत नाही. अशा वेळी लोक चषक मोजतात, नाहीतर आवडता खेळाडू ज्या क्लबात आहे तो धरतात. माझ्या मते त्याआधी बघायला हवं, हा क्लब संघ उभा कसा करतो? सामना नव्वद मिनिटांचा असतो, पण अख्खा उन्हाळा कोण येणार, कोण जाणार याच घोरात जातो. चाहत्याचा कस तिथे लागतो.

मी दोन्हीकडे राहून आलोय. जवळपास दहा वर्षं इंग्लंडमधल्या एका मोठ्या, पैसेवाल्या क्लबाचा चाहता होतो. नाव घेत नाही, कारण भांडण त्या क्लबाशी नाही, पद्धतीशी आहे. २०१९ पासून मी स्पेनमधल्या अ‍ॅथलेटिक बिल्बाओचा. त्यामुळे मी पूर्ण तटस्थ आहे असं समजू नका, पण पहिल्या घरातली सुखंही विसरलेलो नाही.

आधी विकत घेणाऱ्यांची बाजू. तिथली मजा खरी असते. संघात कुठे भोक आहे हे तुम्हाला दिसतं, क्लबालाही दिसतं आणि खेळाडू घ्यायची-विकायची विंडो उघडली की ते बुजतं. उत्तम उदाहरण लिव्हरपूलचं. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी कुटिन्योला बार्सिलोनाला विकलं आणि त्याच महिन्यात साडेसात कोटी पौंडांना बचावपटू वर्जिल व्हान डाइक आणला. उन्हाळ्यात गोलकीपर अ‍ॅलिसन आला. आघाडीला हात न लावता मागची बाजू नीट केली. २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा सर्वात मोठा किताब, आली आणि २०२० मध्ये तीस वर्षांनी इंग्लंडची लीग. असा निर्णय आपल्या क्लबाने घेतलेला बघणं यासारखं समाधान नाही. तुम्ही वर्षभर ओरडत असता की सेंटर-बॅक आणा, सेंटर-बॅक आणा, आणि खरोखर तो येतो.

पण विकत घेणं आणि गरजेचं विकत घेणं यात फार अंतर आहे. २००३ मध्ये रेआल माद्रिदने बेकहॅम आणला आणि त्याच उन्हाळ्यात माकेलेलेला जाऊ दिलं. चेंडू हिसकावून साधा पास देणारा माणूस गेला. पुढचे तीन हंगाम लीग हाती लागली नाही. पॅरिस सें-जर्मेंने २०१७ मध्ये नेमारसाठी २२ कोटी २० लाख युरो मोजले, २०२१ मध्ये मेस्सीही आला, एम्बापे होताच. ते तिघे एकत्र होते त्या दोन्ही हंगामांत चॅम्पियन्स लीगमध्ये गाडी शेवटच्या सोळांतच अडली. २०२४ मध्ये करार संपल्यावर एम्बापे क्लबाला एक पैसाही न मिळता गेला आणि पुढच्याच वर्षी याच क्लबाने चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात इंटरला ५-० ने धुतलं. दोन गोल देझिरे दुएचे, शेवटचा सेनी मायुलूचा, दोघेही एकोणीस वर्षांचे. दुए विकत आणलेला, मायुलू त्यांच्याच अकादमीतला. म्हणजे पैसेवाल्या क्लबालाही कधीतरी कळतं. नुसता पैसा वाईट, असं मी म्हणणार नाही.

मग मी तिथून उठलो का? कारण एकच, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते क्षुल्लक वाटेल.

या क्लबांत सगळ्यात आधी घरचा पोर विकला जातो. यामागे हिशोबाची एक गंमत आहे, ती माहीत नसेल तर समजून घ्या. दहा कोटीला आणलेल्या खेळाडूची किंमत वह्यांमध्ये एकदम दाखवत नाहीत. पाच वर्षांचा करार असेल तर दरवर्षी दोन कोटी, अशी वाटून लावतात. दोन वर्षांनी त्याला विकायचं ठरवलं तर वह्यांत अजून सहा कोटी शिल्लक असतात, त्याच्या वर मिळेल तेवढाच नफा. अकादमीतल्या पोराची वह्यांमधली किंमत शून्य. त्याला चार कोटीला विकलं की चारही कोटी नफा. प्रीमियर लीगमध्ये तीन वर्षांत १० कोटी ५० लाख पौंडांपेक्षा जास्त तोटा चालत नव्हता. याच नियमापायी एव्हर्टन आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टचे गुण कापले गेले. त्यामुळे हिशोबाची तारीख जवळ आली की क्लबांची नजर कुणाकडे वळणार हे उघड आहे. चुकीचा खेळाडू महागात आणतात, त्याचा खड्डा भरायला मात्र आठव्या वर्षापासून त्या क्लबात खेळणारा मुलगा जातो.

माझ्या क्लबातही एक तसा मुलगा होता. डावीकडून खेळायचा, फार मोठा खेळाडू नव्हता, पण शेवटची वीस मिनिटं त्याला उतरवलं की मैदान जागं व्हायचं. माझ्या भाच्याला तो इतका आवडायचा की वाढदिवसाला मी त्याच्या नावाचा शर्ट मागवला. शर्ट आला त्या आठवड्यात बातमी आली, पोरगा गेला. त्याच्या जागी जो आला तो दोन हंगामांत जेमतेम काही सामने खेळला. भाच्याने शर्टाची घडी तशीच ठेवून विचारलं, "मामा, हा आता घालायचा का?" मी म्हटलं, घाल की. त्याने घातला नाही. मी दहा वर्षांत कितीतरी पराभव पचवले होते, अगदी अखेरच्या मिनिटाचेसुद्धा. हे पचलं नाही. हरण्यात आपण खेळाडूंच्या बरोबर असतो, इथे कुणाच्या बरोबर राहायचं तेच कळेना.

मापून दाखवता येईल असं यात काही नाही. पण मी एक करून बघितलं. माझ्या जुन्या क्लबाच्या राखीव खेळाडूंच्या बाकावर बसलेल्या सगळ्यांची नावं सामन्याआधी आठवायचा प्रयत्न केला. चार आली. आज बिल्बाओच्या बाकावरचे मी चेहऱ्यावरून सांगतो. कोण कुठल्या गावचा, कोण लोनवर, म्हणजे काही काळ दुसऱ्या क्लबाकडे उसना, जाऊन आला, हेही सांगतो.

आता घडवणाऱ्यांची बाजू, आणि इथे थोडं रेंगाळतो. अ‍ॅथलेटिकचा नियम तुम्हाला माहीत असेल: खेळाडू स्पेन-फ्रान्स सीमेवरच्या बास्क प्रदेशात जन्मलेला किंवा तिथे घडलेला हवा. तरीही स्पेनच्या पहिल्या विभागातून कधीच खाली न गेलेल्या तीन क्लबांत रेआल माद्रिद आणि बार्सिलोनाच्या बरोबरीने तो आहे. मला यातला अभिमानाचा भाग नंतर कळला. आधी कळला तो निर्णयांतला धीर. बाजारच इवलासा, त्यामुळे खेळाडू वाया घालवायची सोय नाही. आरित्स अदूरिस या क्लबात तीन वेळा आला. दोनदा गेला, तिसऱ्यांदा आला तो तिशी ओलांडून, आणि त्यानंतरच त्याची सर्वोत्तम वर्षं आली. मी पहिल्यांदा मन लावून पाहिलेला त्यांचा सामना ऑगस्ट २०१९ चा, बार्सिलोनाविरुद्ध. अदूरिस ३८ वर्षांचा. अगदी शेवटी मैदानात उतरला आणि मिनिटाभरात पाठ गोलकडे करून हवेत उलटी किक मारली. १-०. कुठल्याही दुसऱ्या मोठ्या क्लबात त्या वयाचा माणूस संघाच्या यादीतच नसता.

दुसरं उदाहरण मला जास्त पटतं. ऑगस्ट २०१८ मध्ये चेल्सीने करारातल्या सुटकेच्या कलमाचे ८ कोटी युरो भरून बिल्बाओचा गोलकीपर केपाला नेलं. गोलकीपरसाठी एवढी रक्कम कुणी मोजली नव्हती. हातात पैसा, समोर रिकामा गोल आणि बाजार जवळजवळ बंद. दुसरा क्लब हादरला असता. त्यांनी लोनवर दिलेला २१ वर्षांचा उनाइ सिमोन परत बोलावला. पुढच्या हंगामात तो पक्का झाला आणि २०२४ मध्ये स्पेनने युरो जिंकला तेव्हा गोलमध्ये तोच होता.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये अ‍ॅथलेटिक कोपा देल रेच्या, म्हणजे स्पेनच्या चषक स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात मायोर्काविरुद्ध होतं. ०-१ असताना निको विल्यम्सच्या पासवर ओइहान सान्सेतने बरोबरी साधली. दोघेही क्लबाच्या लेसामाच्या अकादमीतले. पेनल्टी शूटआउटमध्ये गोलमध्ये सिमोनही नव्हता, चषकाच्या सामन्यांना खेळणारा आगिररेसाबाला होता. तोही लेसामाचा. एक पेनल्टी त्याने अडवली. चाळीस वर्षांनी चषक आला, आणि १९८४ नंतर पहिल्यांदा ती जुनी नाव, गाबार्रा, खेळाडूंना घेऊन नेर्बिओन नदीतून निघाली. दोन्ही काठ माणसांनी भरलेले. मी ते पडद्यावर बघत होतो आणि नावेतल्या एकेकाचं नाव घेत होतो.

अर्थात फसवणूक करून घेऊ नका. इथे दुष्काळ मोठे असतात. एप्रिल २०२१ मध्ये हाच क्लब दोन आठवड्यांत दोन कोपा अंतिम सामने हरला, दुसरा तर बार्सिलोनाकडून ०-४. अदूरिसनंतर भरवशाचा नऊ नंबर, म्हणजे गोल करणारा मुख्य आघाडीवीर, मिळवायला वर्षं गेली आणि बाजारात जाऊन आणायची सोय नव्हती. गोल होत नसताना १-० ने हरलेले सामने मी इतके पाहिलेत की ज्याला दर आठवड्याला आतषबाजी हवी त्याने या वाटेला जाऊ नये. आणि घरचा म्हणून राहतोच असंही नाही. लापोर्त गेला, केपा गेला. लिव्हरपूलचा ट्रेंट अलेक्झांडर-आर्नल्ड तर त्याच शहरात जन्मलेला, सहाव्या वर्षापासून त्या अकादमीतला. तोही २०२५ मध्ये माद्रिदला गेला. फरक माझ्या मनापुरता एवढाच, की तो निर्णय खेळाडूचा असतो. त्याचा राग येतो, वाईट वाटतं, पण समजतं. त्याच उन्हाळ्यात निको विल्यम्सच्या मागे बार्सिलोना लागलं होतं आणि त्याने बिल्बाओशी २०३५ पर्यंत सही केली. ती बातमी मी भाच्याला फोन करून सांगितली.

ब्राइटनसारखे तिसऱ्या जातीचे क्लबही आहेत: इक्वाडोरमधून कायसेदोला थोडक्यात आणायचं, दहा कोटी पौंडांहून जास्त घेऊन चेल्सीला द्यायचं, आणि पुढचा शोधायचा. शोधाची कला आवडत असेल तर जरूर बघा. नावांवर जीव जडत असेल तर जपून.

ज्याला दरवर्षी किताबाच्या शर्यतीत राहायचं आहे त्याला मी विकत घेणाऱ्या क्लबापासून परावृत्त करणार नाही. तिथली उंची घडवणाऱ्यांना क्वचितच गाठता येते, आणि नीट विचार करून आणलेला एक व्हान डाइक अकादमीच्या दहा पिढ्यांना जमत नाही ते करून दाखवतो. पण तुम्ही माझ्यासारखे, पहिल्या अकरांइतकंच बाकाकडे बघणारे असाल, तर निवडण्याआधी एक करा. ज्या क्लबांचा विचार करताय त्यांचे गेले तीन उन्हाळे काढून बघा. कोण आलं ते सगळेच सांगतील, ते सोडून द्या. कोण गेलं, किती वर्षांचा असताना त्या क्लबात आला होता, आणि त्याच्या जागी पहिल्या सामन्यात कोण उतरलं, एवढंच लिहून काढा. मी ते २०१९ मध्ये एका वहीच्या पानावर केलं होतं. डावीकडे जुना क्लब, उजवीकडे बिल्बाओ. डावीकडच्या पानाला जागा पुरली नाही.