गाठोडं घेऊन मुंबईत: काळी-पिवळी बरी की अ‍ॅप?

सोलापूरहून मुंबईला मी कामासाठी जाते, फिरायला नाही. टॉवेल, नॅपकिन, चादरींचे नमुने घेऊन दुकानं आणि लॉज पालथे घालायचे, ऑर्डरी घ्यायच्या आणि रात्रीच्या गाडीनं परत. बरोबर दोन गाठोडी असतात आणि ती हलकी नसतात. त्यामुळं टॅक्सीबद्दल माझं मत लॅपटॉपची बॅग पाठीला लावून फिरणाऱ्या माणसापेक्षा वेगळं असणार, हे आधीच सांगते.

ओळखीतलं कुणी मुंबईला निघालं की हमखास विचारतं, कुठलं अ‍ॅप स्वस्त पडतं? माझ्या फोनवर उबर, ओला, रॅपिडो तिन्ही आहेत. एकाच ठिकाणासाठी तिन्हीत भाडं बघितलं तर कधी हे वीस रुपयांनी कमी, कधी ते. त्यात काही ताळतंत्र नाही, ते दर तासाला बदलतं. मुंबईत तुम्ही उभे कुठं आहात यावर सगळं ठरतं. सीएसएमटीला जे चालतं ते अंधेरीत चालत नाही आणि दादरला तर स्टेशनच्या कुठल्या बाजूला उतरलात यावरही फरक पडतो.

सकाळी सिद्धेश्वर एक्स्प्रेसमधून सीएसएमटीला उतरलं की लांबच्या गाड्यांच्या प्लॅटफॉर्मवरून पी. डिमेलो रोडकडं बाहेर पडता येतं. इथं अ‍ॅप उघडलं की निळा ठिपका कधी स्टेशनच्या पोटात, कधी पार पुढच्या बाजूला, जिथं लोक इमारतीचे फोटो काढतात तिथं. गाडीवाला तिकडं येतो, आपण इकडं, आणि मध्ये अख्खं स्टेशन. मग फोन. ‘मॅडम, आप किधर हो?’ ‘अठरा नंबर के बाहर.’ ‘उधर नहीं आ सकता, घूम के आना पडेगा.’ गाठोडी घेऊन हा संवाद करून बघा एकदा. अ‍ॅप वापरायचंच असेल तर ठिपका हातानं सरकवून रस्त्यावर ठेवायचा आणि जवळच्या ठळक खुणेचं नाव टाकायचं. फोन आपणहून दाखवतो त्या जागेवर विसंबू नका.

मी मात्र इथं काळी-पिवळीच, म्हणजे मीटरवर चालणारी जुनी टॅक्सीच घेते. कारण डिकी.

हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. मुंबईतल्या टॅक्सी, अ‍ॅपच्या असोत की काळ्या-पिवळ्या, बहुतेक सीएनजीवर चालतात आणि सीएनजीची टाकी डिकीत बसवलेली असते. लहान गाडी असेल तर डिकी उघडल्यावर समोर टाकीच दिसते, शेजारी फार तर एक पिशवी मावेल. अ‍ॅपवर ‘चार जण बसतील’ असं लिहिलेलं असतं, पण सामान किती बसेल त्याचा पत्ता नसतो. अ‍ॅपच्या गाडीवाल्यानं डिकी उघडून माझ्याकडं आणि गाठोड्याकडं आळीपाळीनं बघितलंय. मग एक गाठोडं पुढच्या सीटवर, एक माझ्या मांडीवर.

काळी-पिवळीला अजून बऱ्याच ठिकाणी टपावर कॅरिअर असतं. जुनी प्रीमिअर पद्मिनी गाडी असायची तेव्हा तर ते असायचंच. शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून २००३ साली नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. आता वॅगन आर, सँट्रो असतात, पण सवय राहिलीय. चालक उतरतो, गाठोडं वर टाकतो, सीटखालून दोरी काढतो, एका बाजूनं कॅरिअरच्या दांडीतून ओवून दुसऱ्या बाजूला येतो आणि गुडघा दाराला टेकवून दोरी खेचतो. मग गाठोड्याला एक थाप. ती थाप पडली की दादर काय, सायनपर्यंत हलत नाही. त्याचे सामानाचे चार पैसे जादा लागतात, ते मी खुशीनं देते.

मीटरचं सांगायचं तर १ फेब्रुवारी २०२५ पासून काळी-पिवळीचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं ३१ रुपये आहे, पुढं किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे. सीएसएमटी ते दादर नऊ किलोमीटर धरा, म्हणजे १८५ च्या आसपास. सिग्नलला रखडलात तर थोडं वर. रात्री बारा ते पहाटे पाच पंचवीस टक्के जादा, तेही नियमानं. हा हिशेब डोक्यात असला की स्टेशनच्या दारातच ‘दादर? पाँचसौ’ म्हणणाऱ्याशी वाद घालायची गरज पडत नाही. त्याला हसून पुढं जायचं. स्टेशनच्या तोंडाशी उभे असतात ते बाहेरगावच्या माणसाची वाट बघत उभे असतात. आवारातून बाहेर मोठ्या रस्त्यावर या आणि चालत्या टॅक्सीला हात करा. तो मीटर टाकतो, कारण त्याला धंदा करत पुढं जायचं असतं, दिवसभर एकाच बकऱ्याची वाट बघायची नसते.

इथंच अ‍ॅपचा खरा उपयोग आहे. टॅक्सी काळी-पिवळी घ्यायची, पण आधी अ‍ॅपवर तेच ठिकाण टाकून भाडं बघून ठेवायचं, बुक करायचं नाही. मंडईत चार ठिकाणी भाव विचारून मगच पिशवी उघडतो, तसं. नकाशाही चालू ठेवायचा. रस्ता माहीत नसला तरी निळी रेघ बघून ‘भैया, परेल से क्यूँ नहीं लिया?’ एवढं विचारता येतं, आणि तेवढं पुरतं.

क्रॉफर्ड मार्केट, मंगलदास मार्केट ही सगळी सीएसएमटीपासून हाकेच्या अंतरावर. तिथं टॅक्सीचा विचारच करू नका. टॅक्सीवाले एवढ्या जवळ येत नाहीत आणि आले तरी गर्दीत अडकून पडतात. हमाल करा.

आता दादर. पश्चिमेला फुलबाजाराच्या बाजूला उतरून अ‍ॅपवर गाडी बोलावणं म्हणजे शुद्ध वेळ घालवणं. त्या गल्ल्यांत गाडी शिरत नाही, शिरली तर निघत नाही. चालत प्लाझा सिनेमा किंवा शिवाजी मंदिर नाट्यगृहापर्यंत या आणि तिथून बोलवा. पूर्वेला असाल तर दादर टीटीला या, तिथं काळी-पिवळी मिळते. पूर्व-पश्चिम आधी नक्की करा, कारण ठिपका चुकीच्या बाजूला पडला तर गाडीला पूल ओलांडून यावं लागतं आणि तेवढ्यात चालक ट्रिप रद्द करून मोकळा होतो.

रद्द करण्यावरून आठवलं. अ‍ॅपचं नाव घेत नाही, कारण हे सगळीकडंच चालतं. गाडी मिळाली म्हणून आपण खूश, नकाशावर ती छोटीशी गाडी दिसते, चार मिनिटं. मग चॅटमध्ये येतं, ‘ड्रॉप?’ आपण लिहायचं. मग, ‘कॅश या ऑनलाइन?’ ऑनलाइन लिहिलं की ती छोटी गाडी जागेवरच थांबते. सहा मिनिटं. आठ मिनिटं. ती हलत नाही आणि रद्दही करत नाही. आपणच कंटाळून रद्द करावं आणि दंड आपल्यावर पडावा, हा डाव. केंद्र सरकारच्या २०२५ च्या नियमावलीत कारण नसताना चालकानं रद्द केलं तर भाड्याच्या दहा टक्के, जास्तीत जास्त शंभर रुपये दंड आहे. पण ‘कारण नसताना’ हे सिद्ध कोण करणार, फुटपाथवर उभं राहून? माझा उपाय साधा आहे. बुक करतानाच कॅश निवडते आणि जवळ पन्नास-शंभरच्या नोटा ठेवते. संध्याकाळी चालकाला सीएनजी भरायचा असतो, त्याला रोख पैसा हातात हवा असतो. कॅश बघितली की गाडी हलते.

चालकांची बाजूही ऐकली आहे, रखडलेल्या प्रवासात दुसरं काय करणार. आपल्याला घ्यायला तो दोन-तीन किलोमीटर येतो त्याचे त्याला पैसे नाहीत, वर कंपनीचं कमिशन. २०२५ च्या पावसाळ्यात मुंबईतल्या अ‍ॅपच्या चालकांनी संप केला आणि नंतर बरेच जण अ‍ॅपवरचं भाडं न मानता ‘ओन्ली मीटर’ नावाच्या वेबसाइटवर हिशेब करून पैसे मागू लागले. मग सप्टेंबरात राज्य सरकारनं अ‍ॅपच्या गाड्यांसाठी किलोमीटरला २२ रुपये ७२ पैसे हा दर सांगितला. त्यामुळं गाडीत बसल्यावर कुणी ‘अ‍ॅप का नहीं, सरकारी रेट से’ म्हणाला तर तो लगेच फसवतोय असं नाही, पण हे बसायच्या आधी ठरवा. सायनच्या पुलावर भांडण काढून उपयोग नाही.

गर्दीच्या वेळी भाडं वाढतं. केंद्राच्या त्याच नियमावलीत मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत मुभा आहे. पावसाची एक सर आली की पाच मिनिटांत आकडा फुगतो. अशा वेळी मी चहा पिते. वीस मिनिटांत निम्म्यानं तरी उतरतो.

तिन्ही अ‍ॅपमध्ये निवडायचंच असेल तर माझं असं आहे. विमानतळ किंवा अंधेरी, गोरेगावच्या मोठ्या हॉटेलांकडं जायचं असेल तर उबर, कारण माझ्या अनुभवात तिकडं त्याच्या गाड्या लवकर मिळतात आणि मोठी गाडीही वेगळी निवडता येते. गाठोडी असताना मोठीच घ्या, जास्तीचे पैसे डिकीचे समजा. माहीमच्या पलीकडं, म्हणजे वांद्र्यापासून वर, रिकाम्या हातानं असाल तर रॅपिडोवर रिक्षा. ओला मी तुलनेपुरती ठेवलीय. कंपनी मुळात मुंबईतच २०१० साली सुरू झाली, पण माझ्या फोनवर तिचा नंबर तिसरा. हे माझं मत, तुमचा अनुभव वेगळा असेल.

रिक्षाचं मात्र नीट लक्षात ठेवा. माहीम आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षाला परवानगीच नाही. आमच्याकडचे लोक परळला टाटा हॉस्पिटलला जातात आणि बाहेर येऊन रिक्षा शोधत बसतात. ती येणार नाही. अ‍ॅपवरही तिथं रिक्षाचा पर्याय दिसत नाही, म्हणजे फोन बिघडला असं समजू नका. वांद्र्यात मात्र रिक्षाच घ्या. पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढं १७ रुपये १४ पैसे, शिवाय गल्लीबोळात जाते.

टोलचंही विचारतात. वाशी, ऐरोली, मुलुंडचे दोन आणि दहिसर, या मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर छोट्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही. वाशीच्या टोलचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. वांद्रे-वरळी सी-लिंकला मात्र कारला एका बाजूचे शंभर रुपये आहेत आणि ते आपल्यालाच द्यावे लागतात. म्हणून चालकानं ‘सी-लिंक से लूँ?’ विचारलं की आधी घड्याळ बघा. चेंबूरला जायचं असेल तर डिमेलो रोडवरूनच ईस्टर्न फ्रीवे लागतो. त्याला टोल नाही आणि सिग्नल नाही. माझ्यासारख्या सीएसएमटीला उतरणाऱ्यासाठी मुंबईतला सगळ्यात सुखाचा रस्ता तो.

विमानतळावर टर्मिनल दोनला अ‍ॅपच्या गाड्या समोरच्या बहुमजली पार्किंगमध्ये येतात, दारात नाही. पहिल्यांदा जाणारा दारातच उभा राहतो आणि चालक वर वाट बघत बसतो. सोबत म्हातारं माणूस असेल तर सरळ प्रीपेड टॅक्सीच्या काउंटरवर पावती फाडा. चार पैसे जातील, पण फोनाफोनी वाचेल. हातात एकच बॅग असेल तर आता टॅक्सीच कशाला? आरे ते कफ परेड मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. टर्मिनल दोनवरून बसा, सीएसएमटीला उतरा, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलात तरी तिकीट सत्तर रुपये.

बाईमाणूस म्हणून एक सांगते. गाडीत बसायच्या आधी नंबरप्लेट ताडून बघा आणि पिन किंवा ओटीपी तोंडानं तेव्हाच सांगा. काळी-पिवळीत असाल तर नंबरचा फोटो काढून घरी पाठवा, चालकाला दिसेल असा. इतक्या वर्षांत मला त्रास झालेला नाही, पण पाठवते.

संध्याकाळी मात्र मी टॅक्सी घेतच नाही. नमुने बहुतेक वाटून संपलेले असतात, हात मोकळे असतात, आणि सहा ते नऊ रस्त्यावर जाणं म्हणजे मीटर बघत बसणं. लोकलनं दादर गाठते. सिद्धेश्वर दादरला थांबते, म्हणून तिकीट काढतानाच बोर्डिंग दादर टाकून ठेवते.