गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं दहा दिवसांचं एकत्र शिबिर : पैसे भरून जावं का? माझा अनुभव

आठ-दहा जणींनी मेसेज करून विचारलं की वेगवेगळ्या आरोग्य कोर्सच्या विद्यार्थ्यांचं ते एकत्र शिबिर कसं होतं, जाऊ का नको, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, घर डिचोलीत. मार्चमध्ये, म्हणजे ऐन काजूच्या दिवसांत, वाळपईच्या पलीकडे एका गावात आम्ही दहा दिवस राहून आलो. फी ३५०० रुपये, राहणं-जेवण धरून. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि त्या मी त्यांना वेगळ्या लिहून दिल्यात.

कल्पना अशी की एका ग्रुपमध्ये सहा जण आणि सहाही वेगवेगळ्या कोर्सचे. आमच्यात एक एमबीबीएसचा, मी नर्सिंगची, एक फार्मसीची, एक फिजिओचा, एक डेंटलची आणि एक सोशल वर्कचा. डब्ल्यूएचओने २०१० मध्ये यावर एक अख्खा आराखडा काढला होता, त्यात म्हटलंय की वेगवेगळ्या पेशांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांबरोबर शिकायचं. वाचताना हे सोपं वाटतं. पण खरं सांगा, आपण तीन-चार वर्षं एकाच वॉर्डात फिरतो आणि फार्मसीवाले नक्की काय शिकतात हे आपल्याला कुठे माहीत असतं? मला तरी नव्हतं.

आता त्या आजींचं सांगते, कारण माझे पैसे तिथेच वसूल झाले.

आम्हाला प्रत्येक ग्रुपला चार घरं दिली होती. आमच्या दुसऱ्या घरात साधारण सत्तर वर्षांच्या एक आजी, गोडेंमूत (म्हणजे डायबेटिस) बारा वर्षांपासून. गोव्यात हे घरोघरी आहे, २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद) सर्व्हेत डायबेटिसचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त गोव्यातच निघालं होतं, २६.४ टक्के, देशाची सरासरी ११.४. तर आजींची शुगर आम्ही तपासली, जेवणानंतरची २८० च्या वर. आमच्या एमबीबीएसवाल्याने लगेच वहीत लिहिलं की डोस वाढवायला हवा, आणि मलाही तेच बरोबर वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग फार्मसीवाली म्हणाली, आजी, तुमच्या सगळ्या गोळ्या आणा बघू. आजींनी एक प्लास्टिकची पिशवी आणली, त्यात सरकारी केंद्रातली ग्लिमेपिराइडची (शुगर खाली आणणारी गोळी) पट्टी आणि एका खाजगी डॉक्टरने दिलेली दुसऱ्या ब्रँडची कॉम्बिनेशनची पट्टी, त्यातही ग्लिमेपिराइडच! नाव वेगळं, रंग वेगळा, म्हणून घरच्यांना वाटलं दोन वेगळी औषधं, आणि आजी दोन्ही पहाटे कोऱ्या चहाबरोबर घेऊन काजूच्या बागेत कामाला जायच्या आणि खायच्या एकदम दहा-अकराला. सोशल वर्कवाला तोवर सुनेशी बोलत बसला होता, तिच्याकडून कळलं की आजींना काजूत घाम फुटतो, हात थरथरतात, दोनदा तर खालीच बसल्या, आणि घरात सगळे ते उन्हावर ढकलत होते. म्हणजे सकाळी शुगर धाडकन खाली आणि दुपारी वर. आमच्या वहीतल्यासारखा डोस वाढला असता तर काय झालं असतं, या विचाराने मला त्या रात्री झोप नाही लागली.

आणि दुपारची शुगर वर का? हे डेंटलवालीने शोधलं. आजींचे दात हलत होते, हिरड्या सुजलेल्या (डायबेटिस आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना वाढवतात हे मला पहिल्यांदा तिथे नीट कळलं), त्यामुळे भाकरी, भाजी, काही चावता येत नव्हतं आणि तिन्ही त्रिकाळ फक्त उकड्या तांदळाची पेज. आपण मात्र सांगून मोकळं होतो, आजी भात कमी करा, कच्च्या भाज्या खा. कुठल्या दातांनी? मी पाय बघितले, डाव्या करंगळीच्या बेचक्यात जखम होती, आजींना पत्ताच नव्हता, कारण तिथे त्यांना स्पर्शच कळत नव्हता. फिजिओवाल्याने चाल बघून सांगितलं की उजवा गुडघा दुखतो म्हणून सगळा भार डाव्या पायावर पडतोय, म्हणून जखम भरत नसणार. सहा जण, दीड तास, एक ओसरी. एकट्याने कुणालाच हे सगळं दिसलं नसतं.

गोळ्यांचं आम्ही स्वतः काही बदललं नाही, तो आपला अधिकारच नाही, सगळं लिहून हेल्थ सेंटरच्या डॉक्टरांकडे नेलं आणि त्यांनी त्याच दिवशी आजींना बोलावून एक पट्टी बंद केली.

दुसरी भारी गोष्ट म्हणजे उपकेंद्रातल्या सिस्टर. माकडतापावर आमचं एक लेक्चर झालं होतं स्लाइड दाखवून, ते ठीक, की हा आजार १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा सापडला, गोचिडीतून पसरतो, आणि सत्तरीत २०१५ पासून माणसांना व्हायला लागला. पण काजूत जाण्याआधी हातापायाला गोचीड लांब ठेवणारं तेल कसं लावायचं, पालापाचोळ्यावर का बसायचं नाही, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे पण गरम पाण्यात, मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आधी सेंटरला फोन, हे सिस्टरनी चालता चालता सांगितलं ते डोक्यात बसलं. बायका त्यांना लांबून हाक मारतात, आणि आम्हाला विचारतात, "बाय, तूं खंयची?" सिस्टर बरोबर नसत्या तर अर्ध्या घरांनी आम्हाला ओसरीवर पण घेतलं नसतं.

संध्याकाळचे सराव पण छान होते. सर्पदंशाचा तर खूपच. एकाने पेशंट व्हायचं, बाकीच्यांनी कामं वाटून घ्यायची, एकाने १०८ ला फोन लावल्यासारखं करून काय झालंय, आधीचं काय, आत्ता स्थिती कशी आणि आम्हाला काय हवंय, या क्रमाने अर्ध्या मिनिटात सांगायचं. पहिल्या वेळी आम्ही सगळे एकदम बोलत होतो आणि दोरी घट्ट बांधायला पण निघालो होतो, जे अजिबात करायचं नसतं, अवयव न हलवता लवकर दवाखान्यात न्यायचं. सापाच्या विषावरचं आपलं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर बेतलेलं असतं, आणि इथल्या बागायतीत सापडणारा चापडा त्यात येत नाही, हे आमच्यातल्या चौघांना माहीतच नव्हतं.

आता तक्रारी.

एक, एकत्र शिकायचं म्हणता आणि शेवटच्या दिवशी प्रेझेंटेशन सगळ्या ग्रुपमध्ये एमबीबीएसवाल्यांनाच का दिलं? आमच्यावाल्याने स्वतःहून माइक फार्मसीवालीला दिला, तो मुलगा म्हणून चांगला, पण हे नियमात असायला हवं. शिकवायला आलेल्यांत पण डॉक्टरच जास्त, नर्सिंगच्या एकच मॅडम आणि फार्मसीचं कुणीच नाही. आणि ज्या सिस्टरनी आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं त्यांचं नाव सर्टिफिकेट वाटताना कुणी घेतलं नाही, मला फार लागलं ते.

दोन, मुलींच्या खोलीत अठरा जणी आणि संडास दोन. पाण्याचा टँकर एकदा आलाच नाही. जेवण मात्र चांगलं, सकाळी पातळभाजी-पाव, दुपारी नुस्त्याची (माशांची) कढी नाहीतर खतखतं, शाकाहारी मुलींचं पण नीट बघितलं. घरच्यांना काळजी असते म्हणून सांगते, रात्री दोन मॅडम कायम आमच्याबरोबर होत्या, कुठे भीती वाटली नाही. रेंज नाही, फोन लावायला देवळापर्यंत चालत जावं लागतं.

तीन, आणि ही सगळ्यात मोठी. आम्ही दहा दिवसांनी निघून आलो, मग त्या चार घरांचं पुढे काय? विचारलं तर म्हणाले रिपोर्ट सेंटरला दिलाय. आजींना दातांसाठी बांबोळीच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात जायचं होतं, म्हणजे दोन बस बदलून अख्खा दिवस आणि सुनेची एक दिवसाची मजुरी, त्याची कुणीच काही सोय केली नव्हती. शेवटी आमच्या ग्रुपने वर्गणी काढली आणि सोशल वर्कवाला स्वतः त्यांना घेऊन गेला. हलणारे दात काढले, कवळीसाठी परत बोलावलंय. एमबीबीएसच्या मुलांना आता कॉलेजकडूनच गावातली कुटुंबं दत्तक दिली जातात आणि ती पुढे बघायची असतात, तसं इथे सहाही जणांना मिळून एक घर वर्षभर दिलं तर किती चांगलं होईल, मी फीडबॅकमध्ये हेच मोठ्या अक्षरात लिहिलंय.

माझ्याकडून पाचपैकी चार. शिकण्याला पाच देईन, पुढच्या पाठपुराव्याला दोन.

जाणार असाल तर पूर्ण बाह्यांचे कपडे, बूट, टॉर्च, मच्छरदाणी आणि स्वतःची पाण्याची मोठी बाटली न्या. कोकणी येत नसेल तर थोडी शिकून जा, मराठी सगळ्यांना कळते पण दुखणं माणूस आपल्याच भाषेत सांगतो. आणि फी भरायच्या आधी त्यांना नक्की विचारा की शिबिर संपल्यावर त्या घरी परत कोण जाणार आहे. आम्ही सहा जण पुढच्या रविवारी जातोय, करंगळीची जखम जवळजवळ भरलीय असा सिस्टरचा निरोप आलाय.