सात महिने पाच जुने काउबॉय पिक्चर बघून झाल्यावर: गोळीबार दहा सेकंदांचा, भांडण जमिनीचं

रिजन-फ्री, म्हणजे कुठल्याही देशातली डिस्क चालवणारा, ब्लू-रे प्लेअर आणि एकेक करून जमवलेल्या पाच जुन्या वेस्टर्न पिक्चरच्या डिस्क, याला आता सात महिने झाले. पहिल्याच आठवड्यात लिहिणार होतो, पण राहिलं ते बरंच झालं, तेव्हा फक्त चित्र किती स्वच्छ दिसतं एवढंच लिहिलं असतं. दर शनिवारी जेवणं झाली की अण्णा आणि मी एक लावतो, काही पिक्चर चार-चार वेळा झालेत, त्यामुळे आता जरा खात्रीने बोलू शकतो.

आधी कामाचं सांगतो. अमेरिकेतून मागवलेली डिस्क आपल्याकडच्या साध्या प्लेअरवर चालेलच असं नाही. ब्लू-रेसाठी अमेरिका ए रिजनमध्ये येते आणि भारत सी मध्ये, डीव्हीडीला त्यांचा नंबर १ आणि आपला ५. म्हणून प्लेअर घेतानाच रिजन-फ्री आहे का ते विचारून घ्या. पाचपैकी एक डिस्क नेमकी मध्यावर अडकायची, विकणाऱ्याने बदलून दिली पण दीड महिना घालवला आणि चार वेळा फोटो मागितले, त्याचा मनापासून राग आला. मराठी सबटायटल्स कुठल्याच डिस्कवर नाहीत, इंग्लिश आहेत, अण्णांसाठी मी मध्येमध्ये थांबवून सांगतो. त्या थांबण्यामुळेच खरं तर हे पिक्चर मला नीट कळले.

सुरुवात 'शेन'ने केली, १९५३ चा, जॉर्ज स्टीव्हन्सचा. चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात म्हणून डिस्क खराब समजू नका, तो शूट झाला १९५१ मध्ये जुन्या चौकोनी मापात, थेटरात लावताना वरून-खालून कापून रुंद करून दाखवला होता, डिस्कवर आहे ते मूळ माप. मागे वायोमिंगमधले ग्रँड टेटनचे डोंगर, आणि खाली चिखलातली चार लाकडी घरं. गोष्ट साधी आहे, एका बाजूला रायकर नावाचा मोठा गुरंवाला आणि त्याचा भाऊ मॉर्गन, दुसऱ्या बाजूला सरकारी जमिनीवर घर बांधून शेती करणारी कुटुंबं. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर मिळायचे, पाच वर्षं तिथं राहून जमीन कसून दाखवली की मालकी. आता त्या कोरड्या मुलखात १६० एकरात गुरं पोसणं अवघडच, पण ओढ्याकाठचे १६० एकर कुणी कुंपण घालून अडवले की मागच्या हजारो एकरांचं पाणी तुटतं. गुरंवाल्यांचा सगळा जीव या पाण्यात अडकलेला.

एका सीनमध्ये रायकर रात्री घोड्यावर बसूनच बोलतो, की आम्ही आलो तेव्हा इथं काहीच नव्हतं, आम्ही रक्त सांडलं, माझ्या खांद्यात बाण घुसलाय, आणि आता तुम्ही कुंपणं घालता. शेतकरी स्टॅरेट त्याला सांगतो की तुझ्याही आधी इथं सापळे लावणारे शिकारी आणि व्यापारी होतेच की. मी थांबवून हे अण्णांना सांगितलं तर ते एकदम सरळ बसले. म्हणाले, आणि ज्याचा बाण लागला त्याची जमीन कुठं गेली? मला पहिल्या दोन वेळा हे सुचलंच नव्हतं. या पाचही पिक्चरमध्ये या प्रश्नाला उत्तर नाही, आणि माझ्या मते ही त्यांची सगळ्यात मोठी कमतरता आहे, कितीही सुंदर असले तरी.

गोळीबाराबद्दल बोलायचं तर याच पिक्चरमधला टॉरी या शेतकऱ्याचा मृत्यू बघा. चिखलाचा रस्ता, वर फळ्यांच्या ओट्यावर रायकरचा भाडोत्री बंदूकवाला, म्हणजे जॅक पॅलन्स, हातमोजा चढवत उभा, खाली बिचारा टॉरी पाय घसरत चालतोय. आवाज होतो आणि माणूस मागे फेकला जातो, त्यासाठी नटाला मागून तारांनी खेचलं होतं. त्यानंतर शांतता, आणि मग तो चिखलातला देह उचलून न्यायचा. आमच्याकडे तो सीन संपल्यावर दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

'माय डार्लिंग क्लेमेंटाइन' (१९४६, जॉन फोर्ड) मध्ये अर्प भाऊ विरुद्ध क्लँटन बाप-लेक. हा बघताना इतिहास म्हणून बघू नका. खरी चकमक २६ ऑक्टोबर १८८१ ला ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावात झाली, साधारण ३० सेकंद चालली, तिघं मेले, त्यात मॅकलॉरी नावाचे दोन सख्खे भाऊ. पिक्चरमध्ये म्हातारा क्लँटन तिथं हजर आहे, खरा तर ऑगस्टमध्येच मेला होता, आणि जेम्स अर्प सुरुवातीलाच मारलेला दाखवलाय तो प्रत्यक्षात १९२६ पर्यंत जगला. माझ्या डिस्कवर दोन आवृत्त्या आहेत, ९७ मिनिटांची रिलीज झालेली आणि १०३ मिनिटांची आधीची. दुसरीत शेवटी चुंबन नाही, नुसतं हात मिळवणं आहे, आणि तेच नायक हेन्री फोंडाला जास्त शोभतं.

'विंचेस्टर ७३' (१९५०) मध्ये जमीन नाही, पण भाऊ आहेत. ज्यांनी बघितला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडून द्या. डॉज सिटीत गावात शिरताना सगळ्यांच्या बंदुका जमा करून घेतलेल्या असतात. जेम्स स्टुअर्ट आणि स्टीफन मॅकनॅली सलूनमध्ये समोरासमोर येतात, दोघांचे हात एकाच क्षणी कमरेला जातात आणि दोघांच्याही कमरेला काही नसतं. दोघांची हालचाल अगदी सारखी, कारण नेम धरायला दोघांना शिकवलं एकाच बापाने. हे कळल्यावर तोच सीन परत लावा, अंगावर काटा येतो.

'द सन्स ऑफ केटी एल्डर' (१९६५) अण्णांचा सगळ्यात आवडता. आईच्या मातीला चार भाऊ जमतात, आणि कळतं की बापाने पत्त्यांच्या डावात जमीन घालवली आणि त्याच रात्री त्याचा खून झाला. आई पूर्ण पिक्चरभर एकदाही दिसत नाही, फक्त तिची झुलती खुर्ची. जॉन वेनचं कॅन्सरमुळे एक फुफ्फुस काढलेलं, त्यानंतर थोड्याच महिन्यांत मेक्सिकोत दुरँगोला शूटिंग केलंय, हे माहीत असलं की तो पाण्यात उतरतो तेव्हा बघवत नाही. मध्यभाग लांबलाय हे मान्य, पण भाऊ एकमेकांना बुकलतात आणि बाहेरचा आला की एका ओळीत उभे राहतात ते फार खरं वाटतं.

सगळ्यात जास्त वेळा मात्र मी 'सॅडल द विंड' (१९५८) बघितला, ज्याचं नावही कुणी घेत नाही. थोरला भाऊ रॉबर्ट टेलर, बंदूक टाकून गुरं सांभाळणारा. धाकटा जॉन कॅसावेटीस, नवी बंदूक घेऊन घरी आलेला, खुशीत. मग एक परका माणूस स्वतःच्या बापाच्या जमिनीवर हक्क सांगत येतो आणि तारेचं कुंपण घालायचं म्हणतो. त्याचा हक्क खरा असतो, खोऱ्यातला मोठा जमीनदारही ते मान्य करतो, फक्त धाकटा मान्य करत नाही. थोरल्याने त्याला लहानपणापासून वाढवलंय, त्यामुळे कुठल्या बाजूला उभं राहायचं हे त्याला ठरवताच येत नाही, आणि टेलरचा तो दगडासारखा चेहरा हळूहळू उतरत जातो ते बघण्यासारखं आहे. शेवट सांगत नाही.

अण्णांचं आणि आमच्या मोठ्या काकांचं बांधावरून बोलणं बंद होऊन अकरा वर्षं झाली. हा पिक्चर तिसऱ्यांदा संपला त्या रात्री त्यांनी विचारलं, ही डिस्क दादाच्या टीव्हीवर चालेल का रे? म्हटलं, प्लेअर न्यावा लागेल. पुढच्या शनिवारी घेऊन चाललोय, वायर-बियर सगळं पिशवीत भरून ठेवलंय.