पंप गेला, टर्बो गेला, आणि निघाला फाटका पडदा

चढावर माझी डिझेल गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती. पाय उचलला तरी इंजिनचा आवाज चढतच गेला. किल्ली बंद केली, फरक शून्य. मागे निळसर पांढरा धूर इतका की आरशात रस्ता दिसेना. शेवटी चौथा गिअर टाकला, ब्रेकवर जवळजवळ उभा राहिलो आणि क्लच सोडला. जोरात हिसका बसला आणि इंजिन मेलं. (ऑटोमॅटिकमध्ये हे जमत नाही. तिथे हवेचं तोंड फळीने दाबायचं किंवा त्यात कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामक सिलिंडरचा फवारा मारायचा. हात किंवा चिंधी तिथे नेऊ नका, आत खेचली जाते.)

गॅरेजवाल्याने बॉनेटही नीट न उघडता निदान सांगितलं, "साहेब, डिझेल पंप गेला." पंप कॅलिब्रेशनला गेला, सोबत ऑइलही बदललं. गाडी आठवडाभर झकास चालली आणि पुन्हा पिसाळली. या वेळी त्याने एअर फिल्टरकडून येणारा पाइप काढून आतलं ऑइल मला बोट लावून दाखवलं. "टर्बो ऑइल फेकतोय, नवाच टाकावा लागेल." (टर्बो म्हणजे हवा दाबून इंजिनात ढकलणारा पंखा.) पुरावा डोळ्यांसमोर होता, मी मान डोलावली. पुन्हा ऑइल बदललं, पुन्हा काही दिवस बरे गेले. तिसऱ्यांदा तो म्हणाला, आता इंजिनच खोलून नव्याने बांधायला लागेल. तेव्हा मात्र मी गाडी ओढून दुसरीकडे नेली.

तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी गाडीला हात लावण्याआधी विचारलं, "एरवी किल्लीवर मुकाट्याने बंद होते?" होते. "आणि पळाली तेव्हा?" नाही झाली. "मग पंपाचा काय दोष? किल्लीने डिझेल तोडलंय, तरी ती पळतेय, म्हणजे दुसरंच काही पितेय."

डिझेल इंजिनला ठिणगी लागत नाही. जुन्या इंजिनांत हवेला अडवणारी झडपही बहुधा नसते. किती पळायचं ते डिझेलच्या मापावर ठरतं. त्यामुळे हवेबरोबर ऑइल आत गेलं की इंजिन तेच जाळतं आणि जितकं पळेल तितकं जास्त ओढतं.

त्यांनी डिपस्टिक ओढली. ऑइल वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर, पाण्यासारखं पातळ आणि वासाला सरळ डिझेल. मग इंजिनच्या ब्लॉकवरचा छोटा फीड पंप, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणारा, काढला, त्यात डिझेल भरलं आणि हाताने खटका मारला. खालून टप टप गळायला लागलं. आतला पडदा फाटला होता. डिझेल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल असतं तिथे, उतरत होतं, पातळी वाढत होती, आणि चढावर ते मिश्रण ब्रीदरच्या (इंजिनमधल्या वाफा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून हवेच्या पाइपात जात होतं. हे तेव्हाच कळलं असतं: माझी ब्रीदरची नळी टर्बोच्या आधी जोडलेली आहे. टर्बोचं सील गेलं असतं तर ऑइल त्याच्या पुढच्या, इंजिनकडच्या पाइपात दिसलं असतं. मला दाखवलेला पाइप टर्बोच्या आधीचा, एअर फिल्टरकडचा होता.

आणि दर वेळी गाडी "दुरुस्त" का व्हायची? ऑइल बदललं की पातळी खाली यायची, बस्स. पहिल्या वेळी तो गॅरेजवाला चुकला असेल, असं मी धरून चालतो. पण चेंबर रिकामा करताना ऑइल किती जास्त निघतंय आणि कसलं वास मारतंय, हे दोनदा त्याच्या हाताखालून गेलं होतं.

टर्बोचं मात्र अज्ञान नव्हे. मिस्त्रींनी शाफ्ट हलवून पाहिला, अगदी ठीक होता. मी जवळ जाऊन वाकलो. टर्बोच्या कवचाच्या कडेला नखाएवढा ओरखडा, जुन्या पान्याचा, माझ्याच हातून पाना सटकला होता तेव्हाचा. त्यावर चंदेरी रंग मारलेला, पण खाच भरलेली नव्हती. "नवा" टर्बो म्हणजे माझाच धुतलेला टर्बो. त्यावरच्या पट्टीवरचा नंबर आधी लिहून ठेवला असता, किंवा जुना भाग परत मागितला असता, तर गॅरेजवाला तिथेच अडकला असता.

बिल घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने ते शांतपणे माझ्यापुढे सरकवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, "टर्बो काम." नवा हा शब्द कुठेच नव्हता.