आधी सॉकेट बघा, मग प्रोसेसर

बेळगावच्या उद्यमबागेत वर्कशॉप असलेल्या माझ्या मावसभावाला मुलीसाठी पीसी जुळवायचाय. ती इंजिनिअरिंगला आहे, कॅड (संगणकावर डिझाइन करणं) शिकतेय. "आय-फाइव्ह घेऊ की रायझन?" म्हणजे इंटेलचा प्रोसेसर की एएमडीचा, एवढंच त्यानं विचारलं. पण प्रोसेसर ठरला की त्याचं सॉकेट (बोर्डवर तो बसतो ती जागा) आणि म्हणून मदरबोर्ड ठरतो, त्यावरून रॅम, आणि पाच वर्षांनी काय बदलता येईल हेही तिथंच ठरतं.

मी 2017 साली बी-350 बोर्डवर रायझन 5 1600 प्रोसेसर घेतला. पुढं त्याच बोर्डवर, त्याच रॅमवर नवा रायझन 5 5600 बसवला. त्या बोर्डच्या एएम-4 सॉकेटनं इतकी वर्षं साथ दिली. बायोस (बोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) मात्र जुना प्रोसेसर असतानाच अपडेट करावं लागलं. पावसाळ्यात आमच्याकडं वीज कधी जाईल नेम नाही, म्हणून यूपीएस लावल्याशिवाय हात घातला नाही. नंतर घाईत मी हीटसिंक (प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा ठोकळा) सरळ वर ओढला, तर प्रोसेसरही चिकटून वर आला. एएम-4 च्या पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात. एक वाकली होती. लेड घालायच्या पेन्सिलचं रिकामं टोक घालून हळूहळू सरळ केली. हीटसिंक आधी किंचित फिरवून सोडवायचा, हे तेव्हापासून पक्कं डोक्यात बसलं.

आज नव्यानं घेताना दोन वाटा आहेत. इंटेलचं एलजीए-1700 सॉकेट बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरना चालतं. बोर्ड जुन्या डीडीआर-4 रॅमचे मिळतात, नव्या डीडीआर-5 चेही. घरात डीडीआर-4 च्या चांगल्या पट्ट्या पडून असतील तर आय-5 12400 घ्या, पैसे वाचतील. नावामागं 'एफ' असलेला नको, त्यात ग्राफिक्स नसतं. पण ती वाट तिथंच संपते. 2024 मध्ये इंटेलनं कोअर अल्ट्रा प्रोसेसरसाठी 1851 हे नवं सॉकेट आणलं.

एएमडीचं एएम-5 हे सॉकेट 2022 चं. त्याला डीडीआर-5 च लागते. जुनी पट्टी खाचेतच बसत नाही. पण 2027 पर्यंत तरी हे सॉकेट चालवू, असं कंपनीनं जाहीर केलंय.

भावाकडं जुनं काहीच नाही, म्हणून मी एएम-5 च सांगितलं. कॅडचं मॉडेलिंग बरंचसं एकाच कोअरच्या (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या एका भागाच्या) वेगावर चालतं, तेव्हा जास्त कोअरना पैसे घालू नकोस म्हटलं. ग्राफिक्स कार्ड लगेच परवडत नाही, म्हणून रायझन 5 8600जी. त्याचं आतलं ग्राफिक्स रायझन 5 7600 पेक्षा कितीतरी दमदार आहे. रॅम दोन पट्ट्यांत घ्यायची, एकीवर ते ग्राफिक्स अडखळतं. आणि बोर्ड बेळगावातच घे म्हटलं. वॉरंटीसाठी दर वेळी कोल्हापूर गाठायला नको.