वकिलाच्या ऑफिसात मॅटरवार (म्हणजे प्रकरणाप्रमाणे) मेल लावायला जीमेल: वापरून बनलेलं मत

जीमेलमधली लेबलं, म्हणजे मेलला लावायच्या नावाच्या चिठ्ठ्या, ही वकिलांसाठी खूप कामाची सोय आहे आणि बऱ्याच ऑफिसांत ती कुणी धड वापरत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय. आमचं ऑफिस पुण्यात, शिवाजीनगर कोर्टाच्या जवळ. सर, आम्ही दोन ज्युनियर आणि कारकून काका. वेगळं केस मॅनेजमेंट सॉफ्टवेअर घेण्याइतका पसारा नाही, पण अशिलांचे मेल मात्र दिवसभर येतच असतात, कुणी सातबारा पाठवतं, कुणी बँकेचं स्टेटमेंट, कुणी नुसतंच "सर तारीख काय लागली?" विचारतं.

फोल्डर आणि लेबल यातला फरक आपल्या कामात खरंच मोठा आहे. समजा एकाच अशिलाचा भावाबरोबर वाटपाचा दावा आहे, त्याच भावावर चेक बाउन्सची १३८ ची कम्प्लेंट आहे आणि प्रांतांकडे फेरफाराचं अपील चालू आहे. आता हा माणूस एकच मेल करणार आणि त्यात तिन्हींबद्दल लिहिणार, वर घरपट्टीची पावती जोडणार. फोल्डरमध्ये तो मेल एकाच जागी बसतो, दुसरीकडे हवा असेल तर कॉपी करून ठेवा. जीमेलमध्ये त्याच मेलला तीन लेबलं लागतात आणि कुठल्याही मॅटरमधून उघडला तरी तो दिसतो. लेबलाच्या पोटात लेबल करता येतं, म्हणून आम्ही वर अशिलाचं नाव आणि खाली त्याची मॅटर्स ठेवलीत.

लेबलाला नाव काय द्यायचं यावर मात्र आधी बसून विचार करा. नुसतं अशिलाचं नाव दिलंत तर दोन पाटील आले की घोळ. सीएनआर नंबर, म्हणजे कोर्टात प्रत्येक केसला मिळणारा नंबर, द्यावा असं वाटतं, तो १६ अक्षरी असतो, आपल्याकडे सुरुवातीला महाराष्ट्राचं एमएच, मग जिल्हा, शेवटी वर्ष, आणि ई-कोर्ट्स या कोर्टांच्या वेबसाइटवर केस लगेच सापडते. पण दावा दाखल होईपर्यंत सीएनआर मिळतच नाही, आणि नोटीस, उत्तर, कागदपत्रं यांचे बरेचसे मेल तर त्याच्या आधीच येऊन गेलेले असतात. म्हणून ऑफिसच्या रजिस्टरमधला आपला स्वतःचा फाइल नंबर हाच मुख्य धरा, पुढे अशील आणि कामाचा प्रकार लिहा, आणि वकीलपत्र घेताना अशिलालाही तो नंबर देऊन सांगा की दादा, मेल करताना विषयात हा टाकत जा. निम्मे अशील तरी टाकतात.

बाकी निम्म्यांसाठी फिल्टर. सर्चच्या चौकटीतल्या उजवीकडच्या खुणेवर क्लिक केलं की पाठवणारा, विषय, मजकुरातले शब्द असे रकाने येतात, ते भरून फिल्टर बनवायचा आणि लेबल आपोआप लागू द्यायचं. जुन्या मेलनाही एकदम लावता येतं. ज्याचं एकच मॅटर आहे त्याला पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून फिल्टर पुरतो, तीन मॅटरवाल्याला पुरत नाही, तिथे ज्युनियरनं मेल वाचून हातानंच लेबल लावायचं, त्याला पर्याय नाही. उत्तरादाखल आलेला मेलही फिल्टरच्या अटीत बसला तरच पकडला जातो. आणि फिल्टर बनवायचं काम कॉम्प्युटरवरच करावं लागतं, फोनच्या ॲपमधून होत नाही.

जीमेल एका विषयाचे मेल एका साखळीत गुंफतं, हे वकिलाच्या कामाला सोयीचं नाही. अशील दिवाळीच्या शुभेच्छांचा जुना मेल उघडून त्यालाच रिप्लाय करतो आणि त्यात खरेदीखताची पीडीएफ जोडतो, मग ते खरेदीखत शुभेच्छांच्या पोटात जाऊन बसतं. सेटिंगमध्ये जाऊन ही साखळी बंद करा, प्रत्येक मेल सुटा दिसला पाहिजे. १३८ मध्ये तर हे फारच गरजेचं, कारण चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस जावी लागते आणि रिटर्न मेमोचा (चेक परत केल्याच्या बँकेच्या चिठ्ठीचा) मेल साखळीत दडून राहिला तर अशिलाचा हक्कच जायचा. आम्ही "मुदत" असं एक लाल लेबल वेगळं ठेवलंय, मॅटरच्या लेबलाबरोबर तेही लागतं आणि कारकून काका रोज सकाळी बोर्ड (कोर्टातली त्या दिवसाच्या केसेसची यादी) बघायच्या आधी ते उघडतात.

पुराव्याचं पण बघा. खोतकर विरुद्ध गोरंट्याल, म्हणजे जालन्याच्या निवडणुकीचं प्रकरण, त्यात २०२० साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मूळ साधन (फोन, कॉम्प्युटर) कोर्टात आणलं नाही तर जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५बी चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं, सर्टिफिकेट लागणारच. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे, सर्टिफिकेट दोन भागांत, दुसरा भाग तज्ज्ञानं भरायचा, आणि हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे ओळखायचा आकडा-अक्षरांचा ठसा) द्यायची. त्यामुळे समोरच्या पार्टीचा मेल अशिलानं साधा फॉरवर्ड केला तर वाचायला ठीक, पण त्यात मूळ मेलची तांत्रिक माहिती राहत नाही. अशिलाला तो मेल अटॅचमेंट म्हणून फॉरवर्ड करायला सांगा, आणि स्वतःच्या खात्यातला अजिबात डिलीट करू नको हेही बजावून सांगा, ट्रॅशमधलं ३० दिवसांनी कायमचं जातं.

उणिवा आहेत. एकच लेबल दुसऱ्याला वाचायला देता येत नाही, प्रवेश द्यायचा तर अख्ख्या मेलबॉक्सचा द्यावा लागतो. ऑफिसातल्या माणसांचं एक वेळ ठीक, त्याच साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ ची गोपनीयता वकिलाच्या कारकुनांना आणि कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, पण एका मॅटरपुरते बाहेरचे वकील घेतले तर ही सोय उपयोगाची नाही. फुकटच्या खात्यात १५ जीबी जागा, तीही ड्राइव्ह आणि फोटोंसकट, आणि स्कॅन केलेल्या कागदांनी ती भराभर संपते. २५ एमबीच्या वरची फाइल ड्राइव्हच्या लिंकनं जाते, वयस्कर अशिलांना ती उघडायला जड जातं.

तरीही छोट्या ऑफिसला माझ्याकडून पाचपैकी चार. मॅटर संपलं किंवा अशिलानं एनओसी (आमची हरकत नसल्याचं पत्र) घेऊन दुसरा वकील केला, की गूगल टेकआउट या खात्यातला डेटा उतरवून घ्यायच्या सोयीतून तेवढंच लेबल निवडून सगळे मेल एका फाइलमध्ये उतरवता येतात, ती थंडरबर्डसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडते. आम्ही ती पेन ड्राइव्हवर घालून कागदांच्या फाइलसोबत देतो आणि पोच घेतो.